पाणी, कुंपण आणि पैसा: इंग्लंडमधली जुनी कंट्री हाउसं कशी पाहावीत

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी सल्ला देतं, "नॅशनल ट्रस्टची मेंबरशिप घेऊन टाका, पार्किंग तरी वाचतं." जुन्या वास्तू आणि बागा सांभाळणाऱ्या या संस्थेची मेंबरशिप घेतली जाते. एका शनिवारी गाडी एखाद्या कंट्री हाउसच्या, म्हणजे जुन्या जमीनदारी वाड्याच्या, दारात उभी राहते. मग दिवाणखान्यामागून दिवाणखाने, सोनेरी चौकटींतले एकसारखे दिसणारे उमराव, दहाव्या खोलीत मुलांची भुणभुण, शेवटी चहा-स्कोन आणि हिरवळीवर दोन फोटो. संध्याकाळी कुणी विचारलं काय पाहिलं, तर "छान होतं" यापलीकडे काही सांगता येत नाही.

चुकतो तो क्रम. अठराव्या शतकात ज्यांनी या जागा घडवल्या, त्यांनी बागेवर घराइतकाच, कधीकधी घरापेक्षा जास्त जीव ओतला. म्हणून बाग आधी आणि घर नंतर पाहायचं. आणि दोन्हीकडे फिरताना तीन प्रश्न मनात ठेवायचे: हे पाणी इथे आलं कसं? कुंपण कुठे आहे? आणि एवढा पैसा कुठला? बाकीची माहिती पाट्यांवर मिळते.

पहिली खेप जवळची आणि फुकटची

लंडनच्या आसपास राहत असाल तर तीन तास गाडी चालवून सुरुवात करू नका. हॅम्पस्टेड हीथच्या कडेला केनवुड हाउस आहे. प्रवेश फुकट, आणि आत रेम्ब्रांटचं एक आत्मचित्र आणि व्हर्मीरचं एक चित्र चक्क भिंतीवर लावलेलं आहे. पण आधी घराच्या मागच्या बाजूला, हिरवळीच्या वरच्या टोकाला उभे राहा. खाली तळं, तळ्याच्या टोकाला एक सुबक पांढरा पूल. आता चालत त्या पुलाशी जा. तो पूल नाहीच, नुसती लाकडी दर्शनी भिंत आहे. तिच्यावरून कुणालाही कुठेही जाता येत नाही. घरातून पाहताना तळं पुढे नदीसारखं वाहत गेलंय असं वाटावं, एवढंच तिचं काम. इंग्लिश लँडस्केप बागेचा पहिला धडा इथे दहा मिनिटांत होतो: जे सहज निसर्गासारखं दिसतं, ते कुणीतरी आखून केलेलं असतं.

दुसरी जागा चिझिक हाउस. लॉर्ड बर्लिंग्टनने १७२९च्या सुमारास पूर्ण केलेला हा इटालियन धाटणीचा छोटेखानी बंगला, आणि त्याच्या बागेत बागा आखणाऱ्या विल्यम केंटने जुन्या पद्धतीच्या सरळ रेषा मोडायला सुरुवात केली. बागेला तिकीट नाही. तिसरी ऑस्टर्ली, हाउन्स्लोच्या बाजूला, पिकॅडिली लाइनवर. स्टेशनपासून चालत जाता येतं. चाइल्ड या बँकवाल्या कुटुंबाचं हे घर रॉबर्ट ॲडमने आतून पुन्हा घडवलं. हीथ्रोला पाहुण्यांना घ्यायला जाताना थोडे आधी निघालात तर तेवढ्यात पार्कात फेरी होते.

आणि हो, तुमच्यापैकी बरेचजण अशा एका घरात आधीच जाऊन आले असतील. वॉटफर्डजवळचं भक्तिवेदांत मॅनर, जिथे जन्माष्टमीला रांगा लागतात, ते मुळात एकोणिसाव्या शतकातलं कंट्री हाउसच. जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये ते इस्कॉनला दिलं.

निघण्यापूर्वी

आधी जागा कुणाची आहे ते पाहा. नॅशनल ट्रस्ट ही १८९५ सालची धर्मादाय संस्था, इंग्लिश हेरिटेज वेगळी, आणि चॅट्सवर्थ किंवा ब्लेनमसारखी काही घरं अजून मूळ घराण्याकडे किंवा त्यांच्या विश्वस्तांकडे आहेत. एकाचं कार्ड दुसरीकडे चालेलच असं नाही आणि खासगी घरांची तिकिटं महाग असतात. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात तेव्हा एरवी बंद असलेल्या अनेक वास्तू फुकट उघडतात. ती तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

बाग बहुतेक ठिकाणी वर्षभर उघडी असते, पण घर हिवाळ्यात अनेकदा बंद असतं, आणि उघडं असलं तरी दुपारी लवकर शेवटचा प्रवेश होतो. निघायच्या सकाळी वेबसाइट पाहायचीच. वादळी वारा असला की जुन्या झाडांच्या भीतीने बागही बंद करतात. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, एप्रिलअखेर ब्लूबेल, मे-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन, ऑक्टोबरच्या शेवटी पानांचे रंग. माझी आवड विचाराल तर नोव्हेंबरअखेर ते मार्च. पानं झडलेली असतात, त्यामुळे जमीन कशी वळवली, झाडांचे पुंजके कुठे मुद्दाम ठेवले, हे उघडं दिसतं. फक्त डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विसरू नका.

पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले असतील तर आधी फोन करून बग्गीची चौकशी करा. मोठ्या बागांत स्वयंसेवक छोटी विजेची गाडी चालवतात आणि ती सहसा फुकट असते. साडीवर बूट घालायला सांगा, चप्पल चिखलात रुतते. डबा जरूर न्या. पार्कात हिरवळीवर बसून ठेपले-चटणी खायला कुणाची हरकत नसते, शेगडी मात्र पेटवू देत नाहीत. घरात शिरताना पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते किंवा लॉकरमध्ये ठेवावी लागते. टोकदार टाचांचे बूट नकोत, आणि फोटो फ्लॅशशिवाय.

स्टोरहेड: एक फेरी, पावलापावलाने

एकच बाग नीट पाहायची असेल तर विल्टशरमधलं स्टोरहेड पाहा. रेल्वेने जायचं तर लंडन वॉटर्लूहून एक्सेटरच्या गाडीने गिलिंगहॅमला उतरायचं आणि तिथून सहा-सात मैल टॅक्सी. तिकीट काढताना डॉर्सेटमधलं गिलिंगहॅम निवडा. याच स्पेलिंगचं दुसरं गाव केंट परगण्यात आहे आणि ते अगदी उलट्या दिशेला.

होअर हे लंडनचे सोनार-बँकर. त्यांची पेढी १६७२ पासूनची, आजही चालू. पहिल्या हेन्री होअरने १७१७ मध्ये ही जहागीर घेतली, जुनं घर पाडून कोलेन कॅम्बेलकडून नवं बांधून घेतलं. बाग केली ती त्याच्या मुलाने, दुसऱ्या हेन्रीने, १७४०च्या दशकापासून पुढे तीस-पस्तीस वर्षं.

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर लोकांचा लोंढा उतारावरून थेट पुलाकडे जातो. तुम्ही जाऊ नका. आधी घरापर्यंत जा आणि घराकडून, वरच्या झाडीतून खाली उतरा. हेन्रीचे पाहुणे याच बाजूने यायचे. झाडांमधून खाली तळं एकदम दिसतं आणि पलीकडच्या काठावर घुमटाचं एक रोमन देऊळ. तिकडे जावंसं वाटतं, पण वाट सरळ नेत नाही. सगळी बाग या एका युक्तीवर उभी आहे: जागा आधी दाखवायची, मग लपवायची, आणि भलत्याच कोपऱ्यातून पुन्हा पुढ्यात आणायची.

तळं डाव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या उलट दिशेने चाला. पहिलं लागतं फ्लोराचं देऊळ. दारावर व्हर्जिलच्या महाकाव्यातली लॅटिन ओळ कोरली आहे: अपवित्र माणसांनो, दूर राहा. पाताळात उतरण्यापूर्वी काव्याचा नायक ईनियस याच्या कानी पडणारे हे शब्द. म्हणजे पुढे काय येणार याची सूचना इथेच मिळते, आणि ती वाचता यावी एवढं लॅटिन त्या काळच्या पाहुण्यांना यायचं. आपल्याला येत नसेल तर बिघडत नाही, पाटी आहे.

तळ्याला वळसा घालून वाट खरोखरच जमिनीखाली उतरते. ही ग्रोटो, म्हणजे दगडी गुहा, १७४८ची. आत ओलसर गारवा आणि निजलेल्या जलदेवतेची मूर्ती, तिच्याखालून झऱ्याचं पाणी वाहतंय. इथे घाई करू नका. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतल्या ओबडधोबड भोकातून बाहेर पाहा. पाण्याच्या पातळीवरून पलीकडचा काठ चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. पुढच्या कोनाड्यात नदीदेवाचा पुतळा. स्टोर नदीचा उगम याच परिसरात आहे, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. मुळात या दरीत होता एक लहान प्रवाह आणि काही जुनी डबकी. हेन्रीने दरीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, पाणी मागे तुंबलं आणि हे तळं झालं. फेरीच्या उत्तरार्धात तुम्ही त्याच बांधावरून चालत असता. वर झाडं आणि गवत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

गुहेतून वर आलात की पॅन्थिऑन. मघाशी पलीकडून दिसलेलं घुमटाचं देऊळ ते हेच, हेन्री फ्लिटक्रॉफ्टने १७५३-५४ मध्ये बांधलेलं. आत रिसब्रॅकने घडवलेला हर्क्युलिस. बाहेरच्या पायरीवर बसून आलेल्या वाटेकडे पाहा. मग बांध, मग टेकडीवर अपोलोचं देऊळ. चढ दमवणारा आहे, गुडघे दुखत असतील तर सोडून द्या, खालची वाट आहेच. शेवटी पाच कमानींचा दगडी पूल, ज्याच्यावर हिरवळ वाढलेली आहे, आणि मागे स्टोर्टन गाव, चर्च, तसंच ब्रिस्टल शहरातून उचलून आणलेला एक उंच मध्ययुगीन क्रूस. ब्रिस्टलकरांना तो रस्त्यात अडचणीचा वाटत होता. होअरला दृश्यात तसंच काहीतरी हवं होतं.

मे महिन्यात तळ्याकाठी जांभळ्या-लाल ऱ्होडोडेंड्रॉनचा जो भडका उडतो, त्यातलं काहीही हेन्रीने पाहिलेलं नाही. ती लागवड पुढच्या पिढ्यांची. त्याची बाग मुख्यतः हिरव्या रंगाच्या छटांची होती. म्हणूनही मी हिवाळा सुचवतो.

कुंपण शोधा

आता दुसरा प्रश्न. कुठल्याही मोठ्या घराच्या हिरवळीवर उभं राहून समोर पाहा. कापलेलं गवत, पुढे कुरण, कुरणात मेंढ्या किंवा हरणं, आणि मध्ये काहीच नाही. मग मेंढ्या दिवाणखान्यापर्यंत येत कशा नाहीत? चालत पुढे जा, जपून. हिरवळ एका ठिकाणी एकदम संपते आणि खाली खंदक असतो. घराकडच्या बाजूला उभी दगडी भिंत, पलीकडच्या बाजूला हळूहळू चढत जाणारा गवताळ उतार. याला हा-हा म्हणतात. घराकडून पाहिलं तर भिंत दिसत नाही, कुरणाकडून पाहिलं तर चांगली पुरुषभर उंच दिसते. बागा आखणाऱ्या चार्ल्स ब्रिजमनने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये तो रुळवला आणि त्यामुळे बाग व पार्क यांची सीमाच नाहीशी झाली. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र हात धरा, कारण तो न दिसण्यासाठीच बांधलेला आहे.

हा-हा कळला की त्या शतकातला बागा आखणारा लॅन्सलॉट ब्राउन कळतो. हाच तो 'केपेबिलिटी' ब्राउन, १७८३ मध्ये वारला तोपर्यंत दीडशेहून जास्त जागांवर त्याचा हात फिरला होता. त्याची हातोटी ओळखायला सोपी आहे: भिंतीपर्यंत येणारं गवत, इथे-तिथे झाडांचे पुंजके, कडेने झाडांचा दाट पट्टा म्हणजे जहागिरीची हद्द दिसू नये, आणि मध्ये नागमोडी तळं ज्याची दोन्ही टोकं वळणाआड लपलेली. ब्लेनमला जाल तेव्हा वास्तुविशारद व्हॅनब्राचा अवाढव्य पूल पाहा. त्याच्या खालून पूर्वी एक किरकोळ ओहोळ जायचा आणि लोक पुलाला हसायचे. ब्राउनने १७६०च्या दशकात ग्लाइम नदी अडवून एवढं पाणी भरलं की पुलाच्या पोटातल्या खालच्या खोल्याच बुडाल्या, आणि पूल एकदम शोभायला लागला.

पाणी अडवलं की कुणाला तरी उठावं लागतं, हे कोयनेच्या नि उजनीच्या लोकांना सांगायला नको. डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबीच्या शेजारी एक अख्खं बाजाराचं गाव होतं. लॉर्ड मिल्टनला ते खिडकीतून नको होतं. त्याने १७७० ते ८०च्या दशकांत ते पाडलं आणि रहिवाशांसाठी डोंगराआड मिल्टन ॲबस नावाचं नवं खेडं वसवलं. त्या आखणीतही ब्राउन होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी, गवती छपरांची घरं. आज कॅलेंडरांवर छापली जातात. तिथे गेलात तर आधी पार्कातल्या रिकाम्या हिरवळीवर जाऊन या, म्हणजे त्या घरांचा फोटो काढताना मनात थोडं वेगळं येईल.

आता घरात

बाग पाहून झाल्यावर घराला एक-दीड तास पुरतो. सगळ्या खोल्या सारख्याच मन लावून पाहण्याचा हट्ट सोडा. पुढच्या भव्य खोल्या राजा-राणी मुक्कामाला आले तर म्हणून सजवलेल्या, घरचे लोक त्यांत क्वचितच राहायचे. खिडकीशी जा, पडदा थोडा वर असेल तर बाहेर पाहा. मघाशी चाललात ती वाट इथून चित्रासारखी दिसते, आणि खिडकी तिथेच का आहे ते समजतं. पडदे खाली ओढलेले असतात ते उन्हाने जुनं कापड विरतं म्हणून, कुणाच्या खडूसपणामुळे नव्हे.

प्रत्येक खोलीत खुर्चीवर एक आजी किंवा आजोबा बसलेले असतात. हे स्वयंसेवक. त्यांच्याशी बोला. "या खोलीत तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" एवढं विचारलं तरी पुरतं, मग जे कळतं ते माहितीपुस्तिकेत नसतं.

खालचा मजला मात्र चुकवू नका. भिंतीवर ओळीने टांगलेल्या घंटा, तांब्याची भांडी, दिव्यांची खोली. स्वयंपाकघर मुद्दाम लांब असायचं, आग आणि वास दोन्ही नको म्हणून. ससेक्समध्ये पेटवर्थला तर ते वेगळ्याच इमारतीत आहे आणि जेवण भुयारातून मुख्य घरात जायचं. ते गरम पोचत असेल का, हा विचार आपल्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

पैसा कुठला?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. आता ट्रस्टही विचारतो. २०२०च्या सप्टेंबरमध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ जागांचे वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला, आणि वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. उत्तर जागेगणिक वेगळं असतं. स्टोरहेडला बँक. ब्लेनमला १७०४च्या लढाईबद्दल राष्ट्राने दिलेलं बक्षीस. यॉर्कशरच्या हेअरवुडला वेस्ट इंडीजमधली साखर आणि गुलामांचे श्रम. आणि बऱ्याच ठिकाणी आपण.

रॉबर्ट क्लाइव्हने १७६८ मध्ये सरेमधलं क्लेअरमॉन्ट विकत घेतलं, उभं घर पाडून ब्राउनकडून नवं बांधून घेतलं. घरात आज शाळा आहे, पण शेजारची जुनी बाग ट्रस्टकडे आहे. तिथलं ब्रिजमनचं गवताच्या पायऱ्यांचं विशाल अर्धवर्तुळ मुलांना पळायला फार आवडतं. डार्बीशरमधलं केडलस्टन पाहताना कोलकात्याचं राजभवन (आता लोकभवन) आठवेल. ते याच घरावरून बेतलं, आणि पुढे केडलस्टनचाच कर्झन व्हाइसरॉय होऊन त्यात राहायला गेला. त्याने जमवलेल्या पौर्वात्य वस्तू घराच्या तळमजल्यावर मांडल्या आहेत.

ग्लॉस्टरशरच्या सीझिनकोटला तर तांब्याचा हिरवा घुमट, छत्र्या, पुलाच्या कठड्यावर नंदी आणि झाडीत सूर्याचं छोटं देऊळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं हे घर त्याच्या वास्तुविशारद भावाने बांधलं, आणि बागेतलं देऊळ आखलं चित्रकार थॉमस डॅनियलने. या डॅनियलचं नाव पुणेकरांनी लक्षात ठेवावं. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी पेशव्यांच्या दरबारात बसलेला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट, समोर तरुण सवाई माधवराव, हे प्रसिद्ध मोठं तैलचित्र त्याचंच. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात त्यासाठी रेखाटनं केली होती. तो मरण पावल्यावर डॅनियलने ती वापरून चित्र पुरं केलं. मॅलेट मायदेशी परतला, वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि विल्टशरमध्येच विल्बरी हाउस घेऊन राहिला. विल्बरी खासगी आहे, आत जाता येत नाही. सीझिनकोटही खासगी, पण वर्षातले काही दिवस उघडतं. वेळा आधी पाहून जा.

उलट दिशेनेही काही आलं आहे. डार्बीशरच्या चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३०च्या दशकात काचघरात एक बुटकी केळ वाढवली आणि तिला मालकाच्या घराण्याचं नाव दिलं: कॅव्हेंडिश. आपल्या जळगाव-रावेरची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. जळगावकर पाहुणे असतील तर काचघरापाशी त्यांचा एक फोटो झालाच पाहिजे.

हा पैसा आटला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. १८९४ नंतर मृत्यूकर वाढत गेला, दोन महायुद्धं झाली, विसाव्या शतकात शेकडो घरं पाडली गेली. स्टोरहेडच्या होअर दांपत्याचा एकुलता मुलगा १९१७ मध्ये युद्धात गेला. १९४६ मध्ये त्यांनी घर-बाग ट्रस्टला दिली आणि पुढच्या वर्षी दोघंही एकाच दिवशी वारली. वूस्टरशरमधल्या क्रूम या घराची गंमत वेगळी. ब्राउनचं हे पहिलं मोठं काम, पण १९७९ ते ८४ या काळात तिथे हरे कृष्ण मंडळी राहत होती. त्यांनी भडक रंगांत रंगवलेलं जेवणघर ट्रस्टने तसंच ठेवलं आहे, आणि फार बरं केलं.

पुढची पायरी

तीन-चार जागा या पद्धतीने पाहून झाल्या की ऑक्सफर्डशरच्या राउशमला जा. १७३८ पासून तीन-चार वर्षांत विल्यम केंटने घडवलेली ही बाग तेव्हापासून फारशी बदललेली नाही, आणि घराणंही तेच आहे. चर्वेल नदी, हिरवळीपुढे लांबशिंगी गुरं, झाडीतून नेणारा अरुंद नागमोडी पाण्याचा पाट, समोरच्या टेकडीवर नुसतं पाहण्यासाठी उभारलेली पडकी कमान. पाट्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे पाणी आणि कुंपण तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. चहाचं दुकान नाही, म्हणून डबा आणि थर्मास घरूनच घ्या. कुत्रा चालत नाही, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तेव्हा मुलांची सोय आधी कुणाकडे तरी करून मगच निघा.